सावलीला न बुजणारी पिल्लं

मी हर्णैच्या बाजूची. आमच्याकडे ताटात मासा नसला तर घरात कोणी आजारी आहे का, अशी चौकशी होते. त्यामुळे सुनीताने फोनवर "माझे मासे बघायला ये" म्हटलं, तेव्हा मी तोंड वर करून सांगितलं होतं, की ऊस बघायला येईन, मासे आमच्याकडे भरपूर आहेत. तिने फोनवरच मला दोन सणसणीत शब्द ऐकवले. कऱ्हाडच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो आहोत, तिला तो अधिकार आहे.

सुनीताचं माहेर मेढ्याजवळ आणि सासर आष्ट्याला. नवरा फौजेत, सध्या पार ईशान्येकडे. घरात ती आणि सासरे, आबा. शेतात ऊस आहेच, पण सुनीताने दोन वर्षांपूर्वी शेताच्या कडेला तळं खणून घेतलं आणि माशांची पिल्लं वाढवायला सुरुवात केली. पापणीच्या केसाएवढी पिल्लं मत्स्यबीज केंद्रातून आणायची, बोटाएवढी झाली की ज्यांची मोठी तळी आहेत त्यांना द्यायची. बोटाएवढ्या पिल्लांना या धंद्यात बोटुकली म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडला. गेल्या वर्षीची तिची पहिलीवहिली पिल्लं बघता बघता मेली होती. यंदाची जगली तर जतच्या एका जोडप्याला द्यायची ठरली होती. ही पण गेली तर तळं बुजवून तिथं ऊस लावायचा, असं भावकीतल्या लोकांनी तिला बजावून ठेवलं होतं. भावकीला नाही तरी ते तळं डोळ्यांत खुपतच होतं.

मेढा

भादव्याची सुरुवात होती. सुनीता आधी माहेरी येणार होती, म्हणून मी घाट चढून थेट मेढ्याला गेले. तिथून आम्ही मिळून आष्ट्याला जायचं, असा बेत. पाच-सहा दिवस तळ्याकडे आबा बघणार होते.

मेढ्याकडचा हिरवा रंग आमच्या हिरव्यापेक्षा वेगळा. आमच्याकडे नारळी-पोफळीची गर्दी, इथे उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी भाताची खाचरं आणि मधून वाहणारे ओढे. सुनीताच्या वहिनी आम्हाला ओढ्यावर घेऊन गेल्या. संध्याकाळच्या कालवणाला खेकडे हवे होते. पाणी घोट्याएवढं आणि इतकं स्वच्छ, की तळाचा एकेक गोटा मोजावा. त्या गोट्यांवर बारीक पिल्लांचा थवा, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. मी वाकून बघायला गेले आणि क्षणात ओढा रिकामा झाला.

"सावली पाडली तुमी," वहिनी म्हणाल्या. "सूर्य पाठीवर घिऊन हुबं ऱ्हायचं न्हाई. मासा माणसाला भीत न्हाई तेवढा सावलीला भितो."

मी दुसऱ्या बाजूने जाण्यासाठी पाय उचलला आणि शेवाळावरून घसरून चांगली बसकण मारली. कमरेपर्यंत भिजले, एक चप्पल वाहून गेली. सुनीता इतकी हसली, की तिला बांधावर बसावं लागलं. ती पिल्लं मात्र बराच वेळ आली नाहीत. मी ओली होऊन गप्प बसून राहिले, तेव्हा कुठे एकेक करून गोट्यांमागून तोंडं दिसायला लागली. मी नुसता हात हलवला तरी पुन्हा पसार. आपल्याला कोणी इतकं घाबरावं, याची मला गंमत वाटली आणि थोडं वाईटही.

रात्री खेकड्यांचा रस्सा आणि नाचणीची भाकरी होती. खोबरं बेताचं, कोकम नाहीच, सगळा जोर काळ्या तिखटावर. वहिनी सारख्या म्हणत होत्या, "तुमच्याकडच्यावानी न्हाई हो होत आमाला." मी तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला, तेव्हा त्यांना पटलं.

आष्टा

एसटीचे हाल सांगत बसत नाही. कऱ्हाड सोडलं की डोंगर मागे हटतात आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. मोठा ऊस असेल तिथे रस्ता गल्लीसारखा वाटतो, आणि नवी लागण असेल तिथे काळ्या रानात हिरव्या रेघा. नव्या लागणीत माणसं पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारत होती. खिडकीतून त्याचा उग्र वास यायचा, ओढणी नाकाला लावावी लागायची. सुनीताला त्या वासाचं काहीच वाटत नव्हतं. पावडरीच्या डब्याचा वास यावा तशी ती निवांत बसली होती.

आबा दारातच उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, मिशीला पीळ. हवालदार म्हणून निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण घरात एक वस्तू वाकडी दिसणार नाही. पडवीत कुदळी-खुरपी उंचीप्रमाणे लावलेली, आणि त्यांच्या शेवटी एका खुंटीवर बॅटरीचा फवारणी पंप, नुकताच दुकानातून आणल्यासारखा लखलखीत.

त्या पंपाची ख्याती मी आल्या आल्या ऐकली. आजूबाजूच्या चार-पाच घरांत तोच पंप फिरतो. मागितला तर आबा नाही म्हणत नाहीत. अट एकच, पंप धुऊन परत द्यायचा. इकडे हा रिवाजच आहे आणि त्याला कारणही आहे. उसात तणनाशक मारलेल्या पंपातून उद्या वांग्यावर किंवा हळदीवर दुसरं औषध मारायचं असतं. तळाशी थोडं जरी तणनाशक राहिलं तर पानं आकसतात आणि पीक हातचं जातं. आबांची वांगी एकदा अशीच गेली होती.

"तवापास्नं मी कुणावर इसंबत न्हाई," ते मला सांगत होते. "कुणी किती बी धुऊन आणू दे, मी परत तीन पाण्यानं धुतो. ड्यूटी म्हंजे ड्यूटी."

चहा झाल्यावर सुनीता पाहुण्यांच्या खोलीची झाडझूड करायला गेली आणि आबा मला तळं दाखवायला घेऊन गेले. उपसा योजनेचं पाणी एका सिमेंटच्या हौदात पडतं, तिथून छोट्या पाटाने तळ्यात. वर पक्ष्यांसाठी जाळी लावलेली. आबा काठाशी उकिडवे बसले, जाळी वर केली आणि तांदळाच्या कोंड्याची मूठ सोडली.

"ही माझी पलटण," ते म्हणाले. "सुनीता माहेरी गेल्यापास्नं मीच बघतोय. आता तर मला वळखाय लागली. बघा, हात घातला तरी हलत न्हाईत."

त्यांनी पाण्यात हात घातला. पिल्लं खरंच हलली नाहीत. काही वर येऊन तोंडं उघडमीट करत होती, दोन-तीन त्यांच्या बोटांना चिकटून राहिली. मीही हात घातला. माझी सावली पाण्यावर पडली होती आणि तरी एक पिल्लू माझ्या तळहातावर येऊन टेकलं. अंगाला बुळबुळीत, अगदी हलकं. मेढ्याचा ओढा माझ्या मनात ताजा होता, त्यामुळे मला भलताच आनंद झाला. तिथली मला बघून पळाली आणि इथली हातावर बसतात. आबांच्या मायेचा हा परिणाम, असं मी त्यांना म्हटलंदेखील. आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी विसरणार नाही.

घरी येऊन मी सुनीताला कौतुकाने सांगितलं, "अगं, तुझी पिल्लं किती माणसाळली आहेत. माझ्या हातात आली."

तिचा केरसुणीचा हात थांबला. "हातात आली?"

"आली की. आबांच्या तर बोटांना चिकटतात."

ती तशीच तळ्यावर गेली, मीही मागोमाग. तिने उभ्या उभ्या पाण्यावर हात हलवला, मग जोरात टाळी वाजवली, मग काठावर पाय आपटला. पिल्लं होती तिथेच. एक जागच्या जागी गोल फिरत होतं. सुनीताने ते ओंजळीत घेतलं, कल्ला उघडून बघितला आणि परत सोडलं.

"वंदे, या वयाचं पिल्लू हातात येत नसतं," ती हळूच म्हणाली. "गेल्या वर्षी बी मरायच्या आधी अशीच सुस्तावली हुती. मला तवा कळलं न्हाई."

तिने दोन प्लॅस्टिकचे टप घेतले. एकात तळ्याचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. दोन्हींत थोडी थोडी पिल्लं सोडली आणि ते मागच्या पडवीत झाकून ठेवले. आबांना सांगितलं, की पावणीला दाखवायला आणली आहेत. जेवताना तिचं लक्ष नव्हतं. तिचा संशय शेजारच्या युसूफभाईंच्या रानावर होता. त्यांचा ऊस वरच्या अंगाला, तणनाशक मारलं की पावसाने उतरून इकडे येत असणार, असं तिने गेल्या वर्षापासून धरलेलं. युसूफभाईंची बायको मुमताज तिची एवढी मैत्रीण, पण यंदाची फवारणी सुरू झाल्यापासून सुनीता तिच्याशी बोलत नव्हती.

सकाळी आम्ही टपांवरची झाकणं काढली. बोअरच्या पाण्यातली पिल्लं उजेड पडताच दचकून एका कोपऱ्यात पळाली. सगळी नाही, पण बरीचशी. तळ्याच्या पाण्यातली जिथल्या तिथे. सुनीताने जिथे मासे वाढवायचं शिक्षण घेतलं होतं तिथल्या बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून सांगितलं, की पाण्यात तणनाशक जातंय का बघ. औषध गवताचं असलं तरी पाण्यात गेलं की मासा सुटत नाही. मोठा मासा तग धरतो, पण पिल्लांचे कल्ले कोवळे. लगेच मरतीलच असं नाही, आधी पोहणं मंदावतं, भीती जाते. आणि भीती गेलेलं पिल्लू जास्त दिवस टिकत नाही.

फोन ठेवून आम्ही तळ्याकडे निघालो. हौदापाशी आबा पाठमोरे उभे होते. पंप उघडून त्यांनी पाइपाच्या धारेखाली धरला होता. पाणी भरून ते खळखळून हलवत होते आणि ओतत होते. हौदात पांढरा फेस धरला होता आणि तो फेस सावकाश पाटातून तळ्याकडे चालला होता.

"युसूफनं आत्ताच आणून दिला," आबा आमच्याकडे बघत म्हणाले. "धुतलाय म्हनतोय. पर वरवर. हितल्यावानी वाहतं, सवच्छ पानी दुसरीकडं न्हाई."

सुनीता उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती वळली आणि घरात गेली.

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी होती. "हे तळं खणलं तवा सगळी भावकी इरोधात," ती म्हणाली. "बाईमाणसानं मासं पाळायचं म्हंजे काय, म्हनून. एकटे आबा माझ्या बाजूनं हुबं राहिले. खणताना उन्हात दिवसभर बसायचे. त्यास्नी सांगू, की पिल्लं तुमीच मारताय म्हनून?"

"मी सांगू?" मी विचारलं.

"नगं. पावणीच्या तोंडून ऐकलं तर त्यास्नी लय लागंल."

"पण नाही सांगितलं, तर पुढच्या वर्षीचीही जातील."

"ते मला कळतंय गं," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

मला तिचा राग आला आणि कीवही आली. सासऱ्याला सुनेने चूक दाखवायची नसते, हे आमच्याकडेही तसंच आहे. पण इथे धाकाचा प्रश्नच नव्हता. तिचं आबांवर प्रेम होतं, आणि तेच तिचं तोंड धरून बसलं होतं.

आबांना तिने एवढंच सांगितलं, की पिल्लं आजारी दिसतात, जतला द्यायची नाहीत, तसं जाऊन सांगून येऊ.

"आजारी?" आबा म्हणाले. "काल माझ्या हातात खेळत हुती." मग थोडं थांबून, "शब्द मी दिलाय मल्लाप्पाला. मी बी येतो."

जत

आष्ट्याहून जतला जाताना एकाच जिल्ह्यात आपण दोन देश बघतो. ऊस मागे पडतो, मग द्राक्षबागा, मग त्याही विरळ होतात आणि बाभळी, कुसळं, उघडं माळरान. मेंढरांचे कळप रस्ता अडवून चालतात. गावांच्या वेशीवर रिकाम्या टाक्या टँकरची वाट बघत असतात. पिल्लं न्यायला ठरवलेल्या गाडीत आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. सारा रस्ता ते पिल्लांना कोणता रोग झाला असेल, यावर बोलत होते. सुनीता "व्हय", "असंल" करत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. पिल्लांच्या डब्यांची मागची जागा मोकळी होती.

मल्लाप्पा मेंढपाळ. नव्या योजनेचं पाणी यंदा त्याच्या माळापर्यंत आलं आणि त्याने शेततळं भरून घेतलं. त्याची बायको कल्लव्वा आम्हाला बघून पदर सावरत पुढे आली. "ऊटा आतेन्री?" तिने विचारलं, म्हणजे जेवलात का. उत्तराची वाट न बघता ती चुलीकडे गेली. तळ्याच्या काठावर चार दगड मांडून तिने हळदकुंकू वाहिलं होतं. हिच्या घरात जन्मात कोणी मासा पाळला नव्हता. आणि आम्ही हात हलवत आलो होतो. मला तिच्याकडे बघवेना.

ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर घट्ट ताक. जेवायला बसल्यावर सुनीताने विषय काढला.

"दादा, पिल्लं आनली न्हाईत. सुस्त हायत. सावली पडली, हात घातला, तरी हलत न्हाईत. तसली तुमाला दिऊन काय करू."

मल्लाप्पाने मान डोलावली. चिडला नाही. "बरं केलंसा. मेंढराचं बी तसंच हाय. परक्या माणसाला बघून कोकरू हुबंच ऱ्हायलं, तर लोक म्हनत्यात, किती गरीब हाय. आमी म्हनतो, काय तरी वंगाळ खाल्लंय."

आबांचा हात भाकरीवर थांबला. मग सुनीताकडे न बघता त्यांनी विचारलं, "टपातली पिल्लं कशी हायत?"

सुनीता दचकली. टप पावणीसाठी नव्हते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. "बोअरच्या पान्यातली पळत्यात," ती म्हणाली. "तळ्याच्या पान्यातली न्हाई."

"मंजी पान्यात काय तरी हाय."

सुनीता ताटात बघत राहिली. मी माझ्या चटणीत बघत राहिले.

"पानी हौदातनं येतं," आबा हळूहळू म्हणाले. "आन् हौदात पंप मी धुतो."

बाहेर मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"व्हय, आबा," सुनीता म्हणाली.

मला वाटलं, ते उठून जातील. ते उठले नाहीत. पानातली भाकरी त्यांनी संपवली, कारण अन्न टाकणं त्यांच्या शिस्तीत नव्हतं. ताकाची वाटी खाली ठेवून ते मल्लाप्पाला म्हणाले, "पिल्लं माझ्या हातनं गेली. गेल्या सालची बी. सुनंचा काय दोष न्हाई, युसूफचा बी न्हाई. पुढल्या येळंला चांगली देऊ. पळणारी."

परतताना एका ठिकाणी आबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून रस्त्याकडेला नुसते उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्याची पाठ आमच्याकडे. सुनीताला रडू आलं. "मला म्हाईत हुतं असं हुनार," ती म्हणत होती. मी तिचा हात धरून बसले. थोड्या वेळाने आबा आले, दार नीट लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल."

पुन्हा आष्टा, आणि घरी

निघायच्या दिवशी सकाळी मी पडवीत चहा घेत होते, तेव्हा आबा पंप घेऊन निघाले. हौदाकडे नाही, उसाकडे. पाणी कळशीने नेत होते. ज्या लागणीत तणनाशक मारलं होतं, तिथेच पंप खळखळून त्याचं पाणी सरीत फवारून टाकलं. परत कळशी, परत फवारा. तीन पाणी झाल्यावरच ते थांबले. जाण्यायेण्याची फरफट या वयात सोपी नव्हती, पण मदत करू का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. मग सदरा बदलून ते युसूफभाईंकडे गेले, आणि सुनीता मुमताजला द्यायला वाटीभर खीर घेऊन त्यांच्या मागे.

तळ्याचं पाणी उसात सोडून नवं भरायचं ठरलं होतं. बरीच पिल्लं त्यातूनही वाचली नाहीत, हे मला नंतर फोनवर कळलं. तळं बुजवायचं मात्र राहिलं. भावकीने विषय काढला, तेव्हा आबांनी चौघांत सांगितलं म्हणे, की मासे मेले ते माझ्यामुळे, तळ्यामुळे नाही.

घरी आल्यावर मी आमच्या वाडीतल्या पऱ्ह्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, वेगळ्या नजरेने बघायला लागले. आमच्याकडेही हापूसच्या बागांत गवत मारायचं औषध मारतात. तेही पंप कुठे तरी धुतले जातातच, आणि सगळं पाणी शेवटी खाडीला जातं. आमच्याच गड्याला मी विचारलं, तर त्याने पऱ्ह्याकडेच बोट दाखवलं. वाहतं, स्वच्छ पाणी, ताई. आता त्याला बागेतच पंप धुवायला सांगितलं आहे. तो ऐकतो की मी दिसले की ऐकतो, देव जाणे.

काल सुनीताचा फोन आला. बोअरच्या पाण्यावर वाचवलेली आणि नंतर आणलेली, अशी सगळी पिल्लं आता बोटाएवढी झाली आहेत. पुढच्या आठवड्यात जतला जायची.

"आणि आबा?" मी विचारलं. "त्यांच्या हातात येतात का अजून?"

"छे. आबांची सावली पडली की सगळी तळाला. एक थांबत न्हाई. कोंडा टाकून ते लांब जाऊन बसत्यात, तवा कुठं वर येत्यात."

"वाईट वाटत असेल गं त्यांना."

सुनीता हसली. "वाईट? रोज सकाळी मिशीवर हात फिरवत घरात येत्यात, आन् मला सांगत्यात, आज बी पळाली सगळी."